हाय आणि नाय

आमच्या साताऱ्याकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. जपानी माणूसही बोलता बोलता सारखा 'हाय, हाय' करतो, त्यामुळे नागोयात आल्या दिवसापासून मला ही माणसं उगीचच जवळची वाटली.

माझी शाळा नववीत सुटली. मुंबईच्या एका कंपनीत शिपाई होतो, तिथून कंपनीचं नागोयाचं ऑफिस बघणाऱ्या एका साहेबांच्या घरी स्वयंपाकाला म्हणून इकडे आलो. जपानातल्या त्या मोठ्या भूकंप-त्सुनामीला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. जपानी शिकलो ती बाजारात, आणि कचरा चुकीच्या पिशवीत टाकला की ओरडणाऱ्या शेजारच्या आजोबांकडून. साहेब परत गेले, पण त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी मला ऑफिसात ठेवून घेतलं. ते उपकार मी विसरत नाही. दुभाष्या फक्त मोठ्या मीटिंगांना यायचा, एरवी मॅडमबरोबर मी.

विमानांचा धूर कमी करू पाहणाऱ्या नव्या छोट्या कंपन्या बघायच्या, आणि आपल्या कंपनीने त्यांच्यात पैसे घातले तर ते कशाने बुडू शकतील हे मुंबईला कळवायचं, हे मॅडमचं काम. त्यांना एकही कंपनी पसंत पडत नव्हती. यंदा काही हाती लागलं नाही तर नागोयाचं ऑफिस बंद, असं मुंबईने सांगून टाकलं होतं. मॅडमना दुसरीकडे खुर्ची मिळाली असती. मला बायको आणि माझ्याशी जपानीत भांडणारी मुलगी घेऊन परत जावं लागलं असतं. माझी झोप उडाली होती.

अशात बंदराजवळच्या एका शेडमध्ये आम्ही गेलो. तिथे हॉटेलांतल्या तळणीच्या वापरलेल्या तेलापासून विमानाचं इंधन करत होते. सगळीकडे भज्यांच्या गाडीसारखा वास. साठीचा मालक भूकंपाच्या वेळी तडाखा बसलेल्या सेंदाई शहरात होता; तेव्हा टंचाईत पेट्रोलच्या रांगेत उभं राहून आपल्याला हे वेड लागलं, असं तो हसत सांगायचा. मशीन चालत होतं. बाटलीतलं इंधन पाण्यासारखं स्वच्छ.

"मशीनची भीती नाही मला," मॅडम म्हणाल्या. "जळकं तेल आता सगळ्यांनाच हवंय. उद्या हॉटेलांनी दुसऱ्याला दिलं तर हे काय, मशीनची पूजा करणार? पुढच्या काही वर्षांचा लेखी करार आहे का, विचारा."

मी विचारलं. मालक मान हलवत म्हणाला, "हाय, हाय."

"आहे म्हणतात, मॅडम." मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच्यापेक्षा खाली वाकलो.

दुपारी कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, भाताचे मुटके, ओनिगिरी, आणून बाकावर खात बसलो होतो. मॅडम लॅपटॉपवर लिहीत होत्या. मध्येच थांबल्या.

"करार आहे, असं नेमकं कोणत्या शब्दांत म्हणाला तो?"

"हाय म्हणाला की."

"नुसतं हाय?" त्यांनी ओनिगिरी खाली ठेवली. "अहो, ते 'हाय' म्हणजे 'ऐकतोय, पुढे बोला'. तुम्ही भाषांतर केलंत की त्याला साताऱ्याला नेऊन आणलंत?"

परत जाऊन विचारलं आणि करार निघाला नाही, तर माझं ऑफिस मीच बंद केल्यासारखं. मॅडम लॅपटॉप मिटून शेडकडे चालू लागल्या.

या वेळी मी सभ्य भाषा सोडली आणि मंडईत विचारतो तसं विचारलं: सही केलेला कागद आहे, की नाही? मालकाने दातांतून हवा आत ओढली.

"मादा नाई देस." अजून नाही.

जपानीतही 'नाई' म्हणजे नाहीच. ते ऐकताना मला भाषांतर लागलं नाही.

मॅडमनी तसंच कळवलं: मशीन चांगलं, तेलाचा भरवसा नाही, करार झाल्याशिवाय पैसे घालू नयेत. पुढच्या आठवड्यात मुंबईहून उत्तर आलं. पैसे थांबवा, पण ही कंपनी सोडू नका. करार होतात का ते तिथेच राहून बघा, तोवर ऑफिस चालू ठेवा.

मी चहा घेऊन आत गेलो.

"मॅडम, म्हणजे मी राहतोय ना?"

"हाय, हाय." त्यांची बोटं कीबोर्डवरच.

मी ट्रे धरून उभाच. "कुठलं, मॅडम?"

"साताऱ्याचं. ठेवा तो चहा."