साडेसात एचपीची पाळी

“घड्याळ बघ, घड्याळ!” हे शब्द कानावर पडले की माझं डोकं आजही फिरतं.

सिन्नरजवळच्या आमच्या गावात वडिलांची आणि काकांची विहीर सामाईक आहे. एक दिवस काकांचा, एक दिवस आमचा, पाळी चार-चार तासांची. वडील गेल्यावर आमची वाटणी आई बघते. तिथे तिने गुलाब लावलेत. पहाटे उठून फुलं तोडायची, नाशिकला धाडायची, हाच तिचा संसार. विहिरीवर दोन मोटारी, दोन्ही तीन एचपीच्या. त्यामुळे तास वाटले की पाणीही सारखं वाटलं जायचं. कुणाची तक्रार नव्हती.

यंदा उन्हाळा लागला आणि आई फोनवर एकच सांगायला लागली, “माझ्या पाळीला हिरीत पाणीच नसतंय गं. अर्ध्या तासात मोटार हवा ओढती. झाडं वाळाया लागली.” तिने काकांना विचारलं. चार जाणत्यांपुढे गाऱ्हाणं घातलं, तेही दोनदा. उत्तर ठरलेलं. काका साळसूदपणे मनगट पुढे करायचे, “घड्याळ बघ, घड्याळ!” चार तासांवर एक मिनिट घेतलं असेल तर दाखवा! आणि खरंच, घेतलेलं नसायचं. मग जाणते आईलाच समजावायचे की उन्हाळाच तसा आहे.

मी त्या वेळी पंपाच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात होते. मोटारी तपासायच्या टेबलावर माझी नऊ वर्षं गेलीत. मोटार हाताखालून गेली की आधी पत्र्याची पाटी वाचायची, ही सवयच लागते. रविवारी घरी आले, विहिरीवर गेले, आणि काकांच्या मोटारीची पाटी वाचली. साडेसात एचपी! पाइपही जाडजूड, नवा कोरा.

“काका, मोटार बदलली?”

“जुनी जळाली. जरा दणकट घेतली. नवी द्राक्षं लावलीत ना. तास तेवढेच हायेत, काळजी करू नको.”

तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी पारावर जाणत्यांपुढेच मी म्हटलं, “काका, तासांचं काय घेऊन बसलात? एक एचपी म्हणजे पंच्याहत्तर किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचलायची ताकद. तुमच्या मोटारीत तशी साडेसात, आईच्या मोटारीत तीन. तुम्ही चार तासांत विहीर उपसून तळ गाठता आणि आई दुसऱ्या दिवशी झिरपलेलं गुडघाभर पाणी ओढते.”

काका हसले. “हॉर्सपॉवर म्हणे! हिरीत घोडं उतरवलं का काय मी?” पारावरचे सगळे खो खो हसले. एकजण म्हणाला, “पोरी, मोटारीचं तू नको सांगू.” मला! रोज चाळीस मोटारी तपासणाऱ्या मला! अहो, यांच्यातल्या एकाने तरी कधी एचपी म्हणजे काय ते विचारलं होतं का? मोटार विकत घेताना दुकानदाराला आकडा सांगायचा, गावात मिरवायचा, की संपलं.

मी वाद सोडला. दोनशे लिटरचा ड्रम विहिरीवर आणला, विहिरीत पाणी होतं त्या दिवशी, आणि जाणत्यांना हाताला धरून उभं केलं. आधी आईची मोटार लावली. ड्रम भरायला छत्तीस सेकंद लागले. ड्रम उपडा केला. मग काकांची लावली. पंधरा सेकंदांत पाणी काठावरून सांडलं आणि पुढे उभ्या असलेल्यांच्या चपला भिजल्या.

कुणी हसलं नाही. काकांनी मान वळवली. त्यांना माहीत होतं, मी आजही छातीठोक सांगते, मोटार बसवली त्या दिवसापासून माहीत होतं. चार तास मोजून चोरी करायची आणि वर मानाने हिंडायचं! मला त्यांच्यापेक्षा जास्त राग त्या जाणत्यांचा आला. बाईने डोळ्यांनी पाहिलेलं दोन महिने सांगितलं ते खोटं, आणि पत्र्याच्या ड्रमाने सांगितलं ते खरं.

जाणत्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आबांनी तिथेच निवाडा दिला. साडेसातची मोटार चालवायची तर काकांनी पावणेदोन तासच चालवायची, आमचे चार तास चारच राहतील. काका कुरकुरले, पण हो म्हणाले. आई बांधावर उभी होती. तिच्यामागे गुलाबाच्या निम्म्याहून जास्त ओळी काळ्या काटक्या होऊन गेल्या होत्या.

आबा तिच्याकडे वळून जरा चिडूनच म्हणाले, “सूनबाई, एवढं व्हतं तर आधी सांगायचं नाय का?”

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“पाडव्याला सांगितलं, आखाजीला सांगितलं, आबा. तवा झाडं जित्ती व्हती.”