न आलेल्या पाहुण्यांचा भात

माझी सासू कुंताबाई ही बपेऱ्यातली पहिली बाई, जिने नागपूरला जाऊन पोट लहान करून घेतलं. डॉक्टरने तिचं अर्धं पोट कापून बादलीत टाकलं, असं गावात अजून सांगतात. तसं काही नव्हतं. आतून टाके घालून पोटाच्या वरच्या बाजूला एक लहानशी पिशवी केली होती, वाटीभर अन्न मावेल एवढी. पण गावाला बादलीच आवडते, त्याला कोण काय करणार.

मी तुळसा, तिची एकुलती सून. तिच्याबद्दल चांगलं बोलायचं आहे ते आधी बोलून घेते, पुढे जमेल की नाही ठाऊक नाही.

ती एवढी जाड झाली कशी, ते ऐका. आमचं घर खाऊनपिऊन सुखी. सासरे गोपीचंद धानाचा व्यापार करत, घरची शेती वेगळी. घरात हुकूम चालायचा तो त्यांच्या आईचा, आनंदाबाईचा. तिचा नियम असा की चूल पेटली म्हणजे घरच्यांपेक्षा दोन माणसांचा भात जास्त शिजला पाहिजे. पाहुणा कधी टपकेल नेम नाही, आणि त्याला भाताचा गंज, म्हणजे पातेलं, रिकामा दिसला तर घराची इज्जत गेली. नियम वाईट नव्हता. फक्त पाहुणे येत नसत. पलीकडे मध्यप्रदेशची हद्द, तुमसरहून येणारी मोटर अर्धी रिकामी. आमच्याकडे रोज रोज कोण झक मारायला येणार? उरलेला भात ढोरांना घालायचा नाही, शिजलेलं अन्न ढोरापुढे टाकलं की शेत रुसतं. मजुरांना द्यायचा नाही, ते उरलंसुरलं दिलं म्हणून गावभर सांगतील. सकाळी शिळा खायचा नाही, ते गरिबाच्या घरचं काम. मग राहिलं कोण? सून. सगळ्यांचं झालं की कुंताबाई नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बसायची आणि गंज खरवडून संपवायची. न आलेल्या पाहुण्यांचं जेवण ती रोज जेवायची.

तिचं अंग सुटत गेलं. पस्तिशीतच तिला उठताना भिंत धरावी लागायची. पोरं तिला धान साठवायची ढोली म्हणायची. लग्नाच्या मांडवात बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, 'किती खाते व हे बाई!' तिने उभ्या आयुष्यात एकदाही गरम भात खाल्ला नव्हता, हे कोणाच्या गावी नव्हतं.

त्र्याऐंशी साली ती तलावाच्या पाळीवर चक्कर येऊन पडली. साखर वाढलेली, दम लागायचा, गुडघे गेलेले. तुमसरच्या डॉक्टरने नागपूरला पाठवलं. तिथे विलायतेत शिकून आलेला एक सर्जन होता. तो म्हणाला, ऑपरेशन करता येईल, पण घाई नाही. आधी खायला शिका, मग मी हात लावतो. काही महिने त्याने तिच्याकडून तयारी करून घेतली. लहान वाटीत वाढून घ्यायचं, एकेक घास पाणी होईस्तोवर चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, रोज चालायचं, छातीभर श्वास घ्यायचा सराव करायचा. कुंताबाईने हे सगळं शाळकरी पोरीसारखं पाठ केलं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरने सासऱ्यांना विचारलं, "घरात उरलेलं कोण खातं?"

"हेच खाते ना जी. आणखी कोण खाईन?"

"आणि ऑपरेशननंतर?"

सासरे हसले. "तं पाहून घेऊ जी."

हे मला कुंताबाईनेच सांगितलं. सांगताना तीही हसली होती.

त्यानंतर ती जगली मात्र शहाण्यासारखी. हे मी कबूल करते. आधी नुसतं डाळीचं पाणी आणि पेज, मग गुरगुट्या भात, मग अंडं, मासोळी. केस मूठमूठ गळले, तरी रडली नाही. गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. रोज पाळीवरून चालून यायची. रडली ती एकदाच. यष्टीत एका सीटवर शेजारच्या बाईला धक्का न लावता बसता आलं, तेव्हा.

सगळ्यात अवघड होतं ते आधी जेवणं. गरम, ताजं, सगळ्यांच्या आधी. डॉक्टरचा तो हुकूमच होता. आनंदाबाई सैपाकघराच्या दारात बसून म्हणायची, "आता बायका पह्यले जेवतीन अन् माणसं मांगून उष्टं खातीन!" कुंताबाई मान वर करायची नाही. चावत राहायची. एकदा म्हातारीने जबरदस्तीने तिच्या वाटीत वाढलं. टाकायचं कसं म्हणून तिने ते खाल्लं आणि अंगणात भडाभडा ओकली. दुसऱ्या दिवशी म्हातारीचा हात पुढे आला तसा तिने वाटीवर तळहात ठेवला. त्या तळहातासाठी मी तिच्या पाया पडले असते.

पण गंज काही लहान झाला नाही. दोन माणसांचा भात शिजतच राहिला. आता तो संपवणार कोण? म्हातारीने रागारागाने स्वतःच खायला सुरुवात केली आणि पोट बिघडून अंथरूण धरलं. अंथरुणातूनच तिने फर्मान काढलं, "सुखरामचं लगन करून टाका. भात वाया जाऊन राहिला."

सुखराम म्हणजे माझा नवरा. ही गोष्ट त्यानेच मला गंमत म्हणून सांगितली. मी हसले नाही.

शहाऐंशी साली मी लाखांदूरहून या घरात आले. तेव्हा माझी कंबर मुठीत मावेल, असं माझ्या मावश्या म्हणायच्या. पहिल्याच दिवशी सगळ्यांची जेवणं झाल्यावर आनंदाबाईने गंज माझ्यापुढे सरकवला. कुंताबाई कोपऱ्यात आपली वाटी पुसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे पाहिलं. मला वाटलं, म्हातारीपुढे बिचारीला बोलता येत नाही. एकदा म्हातारी गेली की हीच हा नियम मोडेल. जिने भोगलं, ती मोडणार नाही तर कोण मोडणार? पाप म्हणा की काही म्हणा, मी आनंदाबाईच्या मरणाची वाट पाहत भात गिळत राहिले.

ती पुढल्या वर्षी पोळ्यानंतर गेली. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. त्या दिवशी मी घरातल्या माणसांपुरताच भात टाकला. मोजून मापून. हात हलका वाटत होता.

कुंताबाईने झाकण उचललं. "दोन जणाचा भात काहून नाही टाकला?"

"मामी, कोण येऊन राहिलं? उरलं का कोणाले खा लागते, तुम्हाले तं माहीत आहे."

"लोक म्हणतीन, बुढी गेली अन् कुंताच्या हातात घर बुडालं." तिने स्वतः तांदूळ काढले, धुतले.

"मंग उरलेलं ढोराले घालू."

ती वळली. एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "ढोराले? इतके वरसं मी खाल्लं, ते ढोराचं होतं का व?"

तिने धुतलेले तांदूळ मी चुलीवर चढवले.

तेव्हापासून ती आधी जेवते, मी शेवटी. ती पाळीवर चालायला जाते, मी गंज खरवडते. तिची साखर उतरली आहे, ती आता तलावाची पाळ भरभर चढते-उतरते. यंदा एकोणनव्वदच्या लग्नसराईत माझी सगळी पोलकी उसवावी लागली. मांडवात एका बाईने माझ्याकडे बोट दाखवून शेजारणीला सांगितलं, 'गोपीचंदच्या घरी अजून एक ढोली आली वाटते.'

घरी येऊन मी कुंताबाईपुढे रडले. तिने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. त्या हातात खोटं काही नव्हतं, तेच मला सोसलं नाही.

"फिकर नोको करू, पोरी," ती म्हणाली. "लय वाढली तं मी आहो ना. त्याच डॉक्टरकडे नेईन तुले."

मग तिने आपली वाटी पुढे ओढली आणि मला म्हणाली, "वाढ. गरम आहे तोवर."