प्रभावती अक्कांची न चाखलेली चटणी

पेठ वडगावात प्रभावती अक्कांच्या कांदा-लसूण चटणीचं नाव आहे, आणि ती चटणी अक्कांनी जन्मात कधी जिभेला लावलेली नाही. घर पक्कं जैन. कांदा नाही, लसूण नाही, बटाटासुद्धा उंबऱ्याच्या आत यायला बिचकतो. अक्कांचे यजमान वर्धमान आण्णांनी लोकांच्या मिरच्या कांडून द्यायला डंक, म्हणजे कांडपाचं यंत्र, टाकला. पुढं आण्णांचे गुडघे गेले, डंक अक्कांकडं आला, आणि कुणीतरी म्हणालं, "लोकांची चटणी कांडतायसा, सोताची इका की." तेव्हापासून अक्का दिवसभर लसणाच्या वासात बसतात आणि घरी गेल्यावर आंघोळ झाल्याशिवाय आण्णा त्यांना स्वयंपाकघरात फिरकू देत नाहीत.

आता चव बघायची तर जीभ उसनी आणायला हवी. अक्कांनी त्यावर सोपा तोडगा काढला होता. दारात जो येईल त्याच्या हातावर भाकरीचा तुकडा आणि चटणी. पोस्टमन, लाईटबिलवाला, रस्ता विचारायला थांबलेला मोटरसायकलवाला, कुणाचीही सुटका नव्हती.

"पावणं, तेवढं चाखून सांगा की."

आणि कोल्हापूरकडच्या माणसाला मत विचारलं आणि तो गप्प बसला, असं अजून तरी घडलेलं नाही. लाईटबिलवाला म्हणाला, जाळ झाला, की पुढच्या घाण्यात मिरची कमी. पोस्टमन म्हणाला, काहीच लागंना, की त्याच्या पुढच्या घाण्यात मिरची जास्त. अक्कांना स्वतःला काही कळत नसल्यानं सगळ्यांचंच खरं वाटायचं.

"अक्का, पोस्टमननं कालच दाढ काढलिया," मिरच्या भाजणाऱ्या चिमणाबाई म्हणायच्या. "त्येच्या तोंडाला आज दगूडबी गोड लागंल. त्येच्या सांगण्यावनं मिरची वाढवायची व्हय?"

"गिऱ्हाईकच हाय की तेबी," अक्का म्हणायच्या, आणि मिरची वाढायची.

वडगावात हे खपून जात होतं. एका महिन्याची चटणी जहाल, दुसऱ्या महिन्याची सौम्य. लोक म्हणायचे, हवामान आहे. पण गेल्या वर्षी पुण्याच्या एका दुकानदारानं पाकिटं मागवली आणि दीड महिन्यात त्याचा फोन आला. एका पाकिटानं गिऱ्हाईक रडतंय, दुसऱ्या पाकिटाबद्दल विचारतंय की यात तिखट घालायचं राहिलं का. पुढच्या खेपेचा सगळा माल एका चवीचा आला तर वर्षभर घेईन, नाहीतर राम राम.

अक्कांना त्या रात्री झोप आली नाही. पुणं मिळालं तर दुसरा डंक टाकायचा आणि चिमणाबाईंच्या दोन्ही सुनांना कामावर घ्यायचं, असं त्या आधीच बोलून बसल्या होत्या.

रविवारी भाची आली. रुचिता शिरोलीच्या एका फौंड्रीत क्वालिटीचं काम बघते. लोखंडाचे एकसारखे भाग ओतले जातायत की नाही, यावर तिचा पगार निघतो. मावशीची तक्रार तिनं पुरणपोळी खाता खाता ऐकली, हात धुतले, डंकावर आली आणि तेल ओतायचं नरसाळं मागितलं.

"चटणीत तेल वाढवायचंय व्हय?" अक्कांनी विचारलं.

"न्हाय मावशी. तुमी चटणी कशी बिघडवतासा ते दावायचंय."

तिनं नरसाळं स्टुलाला बांधलं. खाली ताटात कणीक पसरून मधोमध बोटानं खूण केली आणि अक्कांच्या हातात मूठभर हरभरे दिले. नरसाळ्यातून एकेक सोडायचा, जागचं काही हलवायचं नाही. हरभरे पडले, कणकेत रुतले. कुणी खुणेच्या अलीकडं, कुणी पलीकडं, पण सगळे जवळजवळ, भिशीला जमलेल्या बायकांसारखे.

"आता दुसरं ताट. हरभरा खुणेच्या उजवीकडं पडला तर नरसाळं तेवढंच डावीकडं सरकवायचं. अलीकडं पडला तर पलीकडं. दर खेपेला."

अक्कांना हे फार पटलं. चूक दिसली की दुरुस्त करायची, यात वाईट काय? त्या अगदी जीव ओतून नरसाळं सरकवत राहिल्या. संपल्यावर ताट बघितलं तर हरभरे जत्रेत हरवलेल्या पोरांसारखे चारी बाजूंना.

अक्कांनी दोन्ही ताटं शेजारी शेजारी ठेवली.

"म्हंजे पोस्टमनचं ऐकून मी नरसाळं हलवत हुते."

"पोस्टमनचं, लाईटबिलवाल्याचं, समद्यांचं," चिमणाबाई म्हणाल्या. "मी सांगत हुते तवा ऐकलं न्हाईसा. आता कणकेनं सांगितलं."

"तुम्ही पण भाजताना मुठी कमी-जास्त करता की चिमणाबाई," रुचिता म्हणाली. चिमणाबाईंनी लगेच मिरच्या भाजायला घेतल्या.

मग नियम ठरला. मिरची-मिठाचं माप एकच, ते कुणाच्या सांगण्यावरून हलायचं नाही. प्रत्येक घाण्याची चटणी कामावरच्या त्याच पाच बायकांनी चाखायची आणि तिखटपणाला दहापैकी आकडा द्यायचा. पाचांची सरासरी म्हणजे भिंतीवरच्या कागदावर एक टिंब. थोडे दिवस टिंबं जमू दिली आणि ती एरवी किती वरखाली होतात ते बघून रुचितानं मधे निळी रेघ मारली, वर एक तांबडी, खाली एक तांबडी.

"तांबड्यांच्या आत टिंब हललं तर हलू दे. ते घाण्याचं श्वास घेणं. तांबडी ओलांडली तर मात्र काहीतरी घडलंय. तेव्हाही माप बदलायचं न्हाय, काय घडलंय ते हुडकायचं."

अक्कांचे पुढचे दिवस फार वाईट गेले. पोस्टमन यायचा, सवयीनं हात पुढं करायचा, चाखायचा आणि तोंड वाकडं करायचा. अक्कांचा हात मिरचीच्या मापाकडं जायचा आणि भिंतीकडं बघून परत यायचा. टिंबं मात्र निळ्या रेघेच्या आसपास शहाण्या पोरांसारखी चालत होती. खेप जवळजवळ भरली. शेवटचा एक घाणा राहिला.

त्याचं टिंब वरच्या तांबडीच्याही वर गेलं.

टेम्पो दुसऱ्या दिवशी पुण्याला निघायचा होता. अक्कांनी भाचीला फोन लावला. "पुढच्या घाण्यात मिरची कमी करते अन् दोनी एकात एक मिसळते. बरोबर हुतंय की."

"नरसाळं," रुचिता पलीकडून एवढंच म्हणाली.

अक्कांनी फोन ठेवला. चिमणाबाई पोत्याजवळ गेल्या, मूठभर मिरच्या कढईत टाकल्या आणि खोकल्या.

"ह्यो खोकला येगळा हाय. आपल्या संकेश्वरी मिरचीचा असा नसतोय. हेच्यात जहाल लवंगी मिरची हाय." आणि ओरडल्या, "गौस कुठं हाय?"

गौस टेम्पो चालवतो. मिरची आणायची ती गडहिंग्लजच्या बाजारातून, हे त्याला ठाऊक आहे. तो टोपी काढून डोकं खाजवत आला.

"गडहिंग्लजलाच निगालतो, अक्का. पर तितनं जरा फुडं नेसरी. नेसरी म्हंजे माज्या बायकूचं, सुगराचं म्हायार. सासऱ्यानं जेवू घातलं, वर म्हनला, आमच्या शेतातलं एक पोतं घिऊन जा. आता सासऱ्याला न्हाय कसं म्हनायचं?"

"आन आमास्नी सांगायचं न्हवतं व्हय?" अक्का म्हणाल्या.

"सांगनार हुतो. तुमी भिंतीकडं बघत हुतासा."

दुसरं पोतं गडहिंग्लजचं आणून, भाजून, कांडून व्हायला आणखी एक दिवस लागणार होता. तो तांबडीवरचा घाणा पाकिटात भरून पाठवला असता तर अक्कांना काहीच कळलं नसतं. त्यांना कधीच कळत नव्हतं. पण भिंतीवर ते टिंब डोळे वटारून बसलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा चटणीबद्दल अक्कांचं स्वतःचं मत झालं होतं. त्यांनी पुण्याला फोन केला. माल एक दिवस उशिरा येईल, एक घाणा रेघेबाहेर गेलाय. दुकानदाराला रेघ समजली नाही, पण कुणी आपणहून कळवतंय, हे समजलं.

नेसरीच्या लवंगीचा घाणा चिमणाबाईंच्या सुनांनी ‘फक्त वडगावकरांसाठी’ असं लिहून बाजारात मांडला. तो बाजार उठायच्या आत संपला. पोस्टमननंच दोन पाकिटं घेतली.

महिन्याभरानं पुण्याचा फोन आला. चटणी सगळी एकसारखी आहे, वर्षभर घेतो, दर महिन्याला पाठवा. अक्कांनी चिमणाबाईंना हातानं खूण केली. दोघी सुना दारातच उभ्या होत्या, त्या पदर खोचून आत आल्या.

"फक्त एक," दुकानदार म्हणाला, "मीठ थोडं कमी केलं तर?"

अक्कांचा हात मिठाच्या मापावर गेला. सगळ्या बायका त्या हाताकडं बघत राहिल्या. अक्कांनी तो उचलून मांडीवर ठेवला.

"सांगितलासा ते बरं झालं, दादा," त्या म्हणाल्या. "भाचीला इचारून सांगते. तोवर आमचं नरसाळं हाय तितंच हाय."