ताईचे जंतू आणि माझं विरजण

शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुऊन मी निवृत्त झालो, म्हणून आमच्या घरात शास्त्रज्ञ मी. नळ्यांत काय असायचं ते कधी कळलं नाही, पण अंगात पांढरा कोट होता. तेवढ्या कोटावर मी माझ्या थोरल्या बहिणीची वाट लावली.

ताई दिंडोशीला तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट नाही आणि वजनाने तिचे गुडघे गेलेले. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत दहा किलो उतरवा, मग ऑपरेशन करू. ताईची इच्छा काय, तर स्वतःच्या पायांनी खाली जाऊन मासळीवालीशी घासाघीस करायची.

लहानपणापासून ताई जाडी, मी काडी. जेवलो एकाच आईच्या हातचं. "सगळं हीच खाते," असं अख्खी चाळ म्हणायची. मीही म्हणायचो, तिच्या वाटणीची माशाची तळलेली तुकडी तोंडात असताना.

तर मोबाइलवर वाचलं, की जाड माणसांच्या आतड्यात अमुक एका जातीचे जंतू जास्त सापडतात. लगेच एका खासगी लॅबमध्ये दोघांच्या शौचाचे नमुने देऊन आलो. ताईच्या रिपोर्टात तो जंतू भरपूर निघाला. माझा रिपोर्ट मी उघडलाच नाही. बारीक माणसाने कशाला उघडायचा?

"ताई, दोष तुझा नाही गं. जंतूचा आहे."

तिने पदराने डोळे पुसले. "मेल्या, हे आई असताना का नाही सांगितलंस?"

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण आमच्याकडे विरजण शेजारून मागून आणायची रीत. चांगल्या घरचं विरजण, चांगलं दही. मी ठरवलं, बारक्याच्या घरचं विरजण, बारकी बहीण. दर रविवारी घाटकोपरच्या माझ्या घरून स्टीलच्या डबीत विरजण न्यायला लागलो. "भात सोडू नकोस, जिन्यात फेऱ्या मारून गुडघे झिजवू नकोस," मी सांगितलं. "जंतू बदलले की सगळं आपोआप." तिने ऐकलं. रोज दोन वाट्या दही, वर साखर.

तीन महिन्यांनी काटा चार किलो वर. ऑपरेशन पुढे गेलं.

त्या रविवारी ताईची मुलगी घरी होती. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिला मी आधी विचारलं नव्हतं, कारण कोट माझ्याकडे होता. तिने माझा रिपोर्ट मागून घेतला आणि वाचला.

"मामा, तोच जंतू तुझ्यातही आहे. आईपेक्षा जास्त."

"मग मी जाड का नाही?"

"नावावरून कळत नाही ना! हे जंतू एकमेकांना जनुकं देतात, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी. त्यामुळे एकाच नावाचा जंतू आईच्या पोटात एक काम करत असेल, तुझ्या पोटात दुसरंच. आणि तेच काम उद्या भलत्याच नावाचा करेल. चाळीत दारावरची पाटी वाचून आत काय शिजतंय ते कळतं का? मिक्सर शेजारणीचा, मसाला पलीकडचीचा. धरणार कोणाला?"

"आणि विरजण?"

"त्याचं दही चांगलं लागतं. बास."

ताई ओट्याशी उभी होती. "म्हणजे दोष परत माझाच?"

"तसं नाही गं आई. अजून कोणालाच नीट कळलेलं नाही."

"कळलं नाही, की माझंच धरतात. सवय आहे मला."

त्या तळलेल्या तुकडीचं तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, पण बाहेर आलं, "दही आंबट होतं का गं?"

"डबी धुऊन ठेवलीय," ती म्हणाली. "जाताना घेऊन जा."

आता रविवारी मी विरजण नेत नाही. तिच्या इमारतीखाली मासळीवाली बसते, तिच्याशी ताईच्या वतीने मीच घासाघीस करतो. ताई खिडकीतून वाकून ओरडते, "फसवलं तुला! कल्ले बघ आधी!" मग मी तीन मजले चढतो. मला धाप लागत नाही. दाराशी पोचल्यावर कठडा धरतो आणि दोन-चारदा मोठ्याने श्वास टाकतो. तिला ते नाटक कळतं.

"ये आत, नाटक्या," ती गुडघा दाबत म्हणते, आणि माशांची पिशवी माझ्या हातातून घेते. तुकडीचं अजून सांगितलेलं नाही.