दसऱ्याला धुतलेलं टेबल

बाकीचे सुतार जुन्याचं नवीन करून देतात. आमचा कैलास नवीन लाकूड जुनं करतो. गाव सुदुंबरे, दुकान कामशेतला जुन्या हायवेच्या कडेला, पत्र्याचं. तिथून लोणावळ्याच्या बंगल्यांपर्यंत त्याचा माल माझ्या टेम्पोतून जातो. माल वाहणाऱ्यानं मालाबद्दल बोलू नये, असं माझं साधं मत आहे. पण हे मला आतल्या आत ठेवणं जड जातंय.

कैलास आधी चाकणकडच्या एका शेडमध्ये मशिनरीची लाकडी खोकी ठोकायचा. ते काम सुटलं आणि फुटक्या खोक्यांचं लाकूड तेवढं त्याच्या पदरात पडलं. त्याचंच त्यानं सोनं केलं. सायकलच्या चेननं लाकूड बडवायचं, म्हणजे पोचे पडतात. दाभणानं बारीक भोकं पाडायची, म्हणजे कीड लागल्यासारखं दिसतं. पितळी कड्या उकिरड्यात पुरायच्या. वर लाखेच्या पॉलिशमध्ये काजळी घालून हात मारायचा. विंटेज म्हणजे आजोबांच्या काळातलं आणि अँटिक म्हणजे त्यांच्याही आजोबांच्या, असं तो मला समजावतो. मला विचाराल तर फरक एवढाच, की कड्या उकिरड्यात किती मुरल्या.

सगळ्यात जास्त खप कन्सोलला. कन्सोल म्हणजे भिंतीला चिकटून उभं राहणारं अरुंद, लांबट टेबल. त्यावर जेवायचं नाही, लिहायचं नाही. माणूस दारातून आत आला की त्याला ते दिसावं, वर आरसा असावा, एक फुलदाणी असावी, बस. आमच्या बयाबाईंनी, म्हणजे माझ्या आईनं, असलं टेबल पहिल्यांदा टेम्पोत पाहिलं तेव्हा विचारलं, "ह्ये अर्दं का केलंय?"

तर गेल्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी लोणावळ्यात तुंगार्लीच्या एका बंगल्यातून मालकीण मॅडमचा कैलासला फोन आला. तुमचं टेबल कामवालीनं बरबाद केलंय, ताबडतोब या. कैलासनं मला टेम्पोसकट उचललं.

फाटकातून आत गेलो तर मागच्या खोलीबाहेर गाठोडी बांधून ठेवलेली. वळकट्या, पिंप, स्टोव्ह. शिदूबाबा कट्ट्यावर मान खाली घालून बसलेले. शिदूबाबा आणि हिरीमावशी हा बंगला सांभाळतात आणि त्या मागच्या खोलीत राहतात. वडिवळ्याच्या वरच्या वाडीतलं त्यांचं घर पावसात बसलं, ते पुन्हा उभं राहिलं नाही. ही खोली गेली की दोघांना जायला जागाच नव्हती. आणि मॅडमनी त्यांना संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायला सांगितलं होतं.

कन्सोल पोर्चमध्ये उभं होतं. पितळी कड्या लखलखत होत्या. पाय मात्र सोललेल्या उसासारखे पांढरे पडले होते.

हिरीमावशी कैलासला बघून पुढं आली. "भाऊ, मी दसरा काढला. समदं घर धुतलं, गोधड्या धुतल्या, भांडी घासली. ह्ये एवढंच काळंकुट्ट राह्यलं व्हतं. सोडा टाकून काथ्यानं घासलं, कड्यांना चिच लावली. माजं काय चुकलं?"

आमच्याकडे घट बसण्याआधी घरातली चिंधीसुद्धा धुतल्याशिवाय राहत नाही. त्यालाच दसरा काढणं म्हणतात. बंगल्यात घट बसतात की नाही, हे मावशीनं कुणाला विचारलं नव्हतं. घर म्हटलं की दसरा काढायचा, एवढंच तिला ठाऊक. आणि हे घर तिनं आपलंच मानलेलं, त्यातच सगळं आलं.

मॅडम बाहेर आल्या. "शंभर वर्षांचं टेबल होतं हे. माझ्या सगळ्या मैत्रिणींना मी दाखवलंय. त्या आज येतायत, आणि हिनं त्याला अंघोळ घातली! कैलास, हे पूर्वीसारखं होईल का, एवढंच सांगा. मूळ वस्तूच गेली असेल तर या दोघांना मी एक दिवससुद्धा ठेवणार नाही."

कैलास टेबलाभोवती फिरला. वाकून पायाला नख लावलं. तो गप्प राहिला तर म्हातारीचा संसार रस्त्यावर येणार. बोलला तर तुंगार्लीपासून खंडाळ्यापर्यंत एकही दार त्याला उघडणार नाही. मावशी नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती. अरे बोल की लेका, असं मला ओरडावंसं वाटत होतं, आणि तो बोलला तर माझ्या टेम्पोचं काय, हेही त्याच डोक्यात चाललं होतं.

"मॅडम," कैलास शेवटी म्हणाला, "सोड्यानं पॉलिश जातं. तपकिरी लाकूड पांढरं होत नाही."

"मग हे काय आहे?"

"हे पहिल्यापासून पांढरंच आहे. खोक्याचं लाकूड आहे. टेबल मीच बनवलंय. मावशीचा काही दोष नाही."

मॅडम हसल्या. "तुम्ही गावचे लोक एकमेकांना सांभाळून घेता, ते समजतं मला. पण काय घेतलंय ते मला कळतं. खरं जुनं मी हात लावून ओळखते."

कैलासचा चेहरा उतरला. इतकी वर्षं तो न बोलता लोकांचा विश्वास बसत होता आणि आता बोलला तर कुणी ऐकेना. शिदूबाबा उठले आणि त्यांनी मुकाट्यानं एक वळकटी खांद्यावर घेतली. ते पाहिलं आणि कैलासचं डोकं फिरलं. तो टेम्पोकडे धावला, पटाशी घेऊन आला आणि टेबल उलटं केलं.

"हात लावू नका त्याला!" मॅडम ओरडल्या.

त्यानं फळीच्या खालून ठोकलेला प्लायवूडचा तुकडा उचकटला. आत काळ्या शाईत छापलेली छत्री होती आणि शेजारी काचेचा पेला. मशिनरीच्या प्रत्येक खोक्यावर असतात तसली चित्रं. पाण्यापासून जपा, आपटू नका.

मॅडमनी त्या छत्रीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता पोलीस बोलावतील. पण त्यांनी कैलासकडे पाहिलं नाही, फाटकाकडे पाहिलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

"मग संध्याकाळच्या आत होतं तसं करा. आणि ही गोष्ट फाटकाबाहेर जाता कामा नये."

"आणि मावशी?" मला राहवलं नाही.

"राहू दे तिला. तिनंही तोंड बंद ठेवायचं."

कैलासनं टेम्पोतून लाख काढली. काजळी कमी पडली तशी मावशीच्या स्टोव्हवरची खरवडली. पाय तो रंगवत गेला आणि कड्या मावशीकडे दिल्या. काळं फडकं हातात घेऊन ती तशीच बसून राहिली.

"भाऊ, उद्या घट बसायचेत. आन् तुमी माज्याच हातानं काळं लावाया लावता?"

मावशी मोठ्यानं रडली. मग डोळे पुसले आणि एकेक कडी काळी केली, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. शिदूबाबांनी एकेक गाठोडं खोलीत परत नेलं.

मैत्रिणी आल्या तेव्हा आम्ही पोर्चमध्ये सामान आवरत होतो. दिव्याखाली कन्सोल छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू. एका बाईंनी त्यावरून हात फिरवला आणि चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मावशीला विचारलं, "मावशी, खूप जुनं आहे का हो हे?"

मॅडमनी मान वर केली. कैलासच्या हातातली पटाशी तिथंच थांबली.

"व्हय बाई," हिरीमावशी म्हणाली, "लय जुनं हाये."

आयुष्यात ती पहिल्यांदा खोटं बोलली असावी. बोलताना तिनं आमच्याकडे पाहिलं नाही, आणि आम्हीही तिच्याकडे बघू शकलो नाही.