आईंच्या बटव्यातला टॅबलेट

लग्नाला सहा महिने झाले. आमच्या घरी वस्तू येण्याआधी तिचे किस्से येतात, हे तेवढ्यात कळलं. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे सगळे माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, मालिका बघायला आणि उमरेडच्या बहिणीशी व्हिडिओ कॉल करायला स्वतःचा टॅबलेट हवा होता. टीव्हीचा रिमोट बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, उशीखाली. आईंचा फोनही दुपारी बाबांच्याच हातात.

"घरात टीव्ही असताना काहून पाहिजे?" बाबांनी विचारलं.

"टीव्ही घरात हाय. माह्या हातात कुठं हाय?"

*

माझ्या नवऱ्याने दहा हजारांच्या आतल्या सात टॅबलेटचा तक्ता केला. रॅम, बॅटरी, स्क्रीन. आईंनी सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या आणि कमरेला खोचायचा कापडी बटवा आणून तक्त्यावर ठेवला.

"यात बसन तो घे."

*

सीताबर्डीच्या दुकानदाराने दहा इंची पुढे केला. "मावशी, पिक्चर मोठा दिसते."

"मले दाखवाचा नाही, भाऊ. लपवाचा हाय."

सात इंची बटव्यात गेला. आईंनी तो कमरेला खोचला, दुकानातल्या स्टुलावर दोनदा उठून-बसून पाहिलं, मगच मान हलवली.

*

पहिल्याच दिवशी बाबांनी 'फक्त हवामान' पाहायला तो घेतला. परत दिला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि बॅटरी चार टक्के.

आई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "याले कुलूप लावून दे."

त्याने स्क्रीनवर नऊ ठिपके आणले. "बोट न उचलता जोडायचे. विसरणार नाहीस असं काहीतरी काढ."

आईंनी आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं.

*

बाबा आठवडाभर ठिपके जोडत होते. पाचदा चुकलं की टॅबलेट अर्धं मिनिट थांबायला सांगायचा. बाबा घड्याळ बघत थांबायचे. शेवटी म्हणाले, "सांग ना वं, काय काढलं?"

"रोज तुमच्या पायाशी तर असते," आई मेथी निवडत म्हणाल्या.

बाबांना तो टोमणा वाटला. ते उठून गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात पाणी शिंपडलं. आईंनी रोजच्यासारखे रांगोळीचे तीन ओळींत तीन-तीन ठिपके दिले आणि हात न उचलता एकच रेघ सगळ्यांतून फिरवली. बाबा फिरायला निघाले. रांगोळी पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी खाली नीट बघून लांब पाऊल टाकलं.

फाटक वाजलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं.

"तुले समजलं नं?"

"काय, आई?"

"बरी सून भेटली," त्या म्हणाल्या आणि रांगोळीचा डबा माझ्या हातात दिला.