दगडफूल म्हटल्यावर

विश्रांतवाडीला आम्ही राहायला गेलो तेव्हा आमच्या घरामागे नुसतं माळरान होतं. नवरा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. त्यांच्या ऑफिसातल्या एकाने विचारलं, "आमच्या काकांचा कुत्रा घेता का?" तेव्हा मीच हो म्हणून टाकलं.

हे काका एकटे राहायचे. एका कारखान्याच्या फाटकावर राखणीचे कुत्रे तयार करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुतण्याने त्यांना सदाशिव पेठेत आपल्या दोन खोल्यांत आणलं. कुत्र्याला तिथे जागा नव्हती.

"शहाणा आहे हो," पुतण्या कुत्रा सोडायला आला तेव्हा म्हणाला. "काकांचा शब्द कधी मोडला नाही त्याने."

आमचा मात्र एकही शब्द त्याने पाळला नाही. बस म्हटलं तर उभा राहायचा, ये म्हटलं तर दुसरीकडे बघायचा. उन्हाळ्यात सासूबाई मसाला करायला त्यांच्या पेठेतल्या घरून आमच्याकडे आल्या. दोन दिवस त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"काय गं, हा मठ्ठ आहे की आगाऊ?"

"त्याला आपली भाषा कळत नाही, आई."

"बरंय. या घरात कोणाचंच कोणी ऐकत नाही, त्यात एक भर."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात वर्तमानपत्रांवर धणे आणि तीळ उन्हात घातले होते. सासूबाई भिंतीला टेकलेल्या वेताच्या खुर्चीत सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी वाण्याची पिशवी रिकामी करत होते. कुत्रा पायरीवर पडला होता.

"दगडफूल आणलंस ना?" त्यांनी विचारलं.

कुत्रा उठला. भुंकला नाही, धावला नाही. तीन ढांगांत तो त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने ओठ मागे ओढले. त्याचे सगळे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. घशातून एक बारीक घरघर सुरू झाली, लांब कुठे पिठाची गिरणी चालू असावी तशी.

"हाड!" मी म्हणाले. "बस! ये इकडे!" त्याचा कानसुद्धा हलला नाही. मी आतून पोळी आणून त्याच्यापुढे टाकली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. सासूबाईंनी पदर सावरायला हात उचलला तशी घरघर वाढली. हात अधांतरीच राहिला. सूप कलंडलं आणि धणे त्यांच्या मांडीवरून घरंगळत खाली सांडत राहिले.

"मी काही केलं नाही गं," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "मी नुसतं दगडफूल म्हटलं."

त्यासरशी त्याने उडी घेऊन पुढचे दोन्ही पाय खुर्चीच्या हातांवर टाकले. आता त्याचं तोंड त्यांच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर होतं.

आम्ही दोघी मुक्या झालो. कुठल्या शब्दाने तो सुटेल आणि कुठल्या शब्दाने चावा घेईल, हे आमच्यापैकी फक्त त्यालाच ठाऊक होतं. आयुष्यभर जिच्या तोंडाला सगळी पेठ टरकून असायची ती बाई डोळे मिटून श्वाससुद्धा मोजून घेत होती. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती.

मी पाठ न वळवता दारातून आत सरकले. फोन दिवाणखान्यात होता. आकडे दोनदा चुकले. फोन पुतण्याच्या बायकोने उचलला.

"ताई, कुत्र्याने सासूबाईंना धरून ठेवलंय," मी कुजबुजले. "दगडफूल म्हटल्यावर. त्याला सोडायला काय म्हणायचं?"

"अगं बाई! काका वाण्याच्या दुकानातले शब्द वापरायचे खरे. चोर बस-ऊठ म्हणेल, मसाल्याचं नाव कशाला घेईल, म्हणायचे. स्वतः खाणावळीत जेवायचे, घरात ते शब्द निघायचेच नाहीत. पण कुठला कशाला, ते आम्हाला कधी..."

"त्यांना विचारा. लवकर विचारा!"

ती ओरडून त्यांना सांगत असल्याचं ऐकू आलं. मग म्हाताऱ्याचा आवाज आला. शब्द नाहीच, नुसतं बा-बा-बा, वरच्या पट्टीत, रडल्यासारखं. मागोमाग डबा पडल्याचा आवाज. मला व्हरांड्यातली घरघर इथवर येत होती. ती थांबली तर काय, एवढंच डोक्यात होतं.

"ताई, त्यांनी गरम मसाल्याचा डबा पाडला. डाव्या हाताने शोधतायत. थांबा... वेलची! वेलची दाखवतायत आणि हात खाली दाबून बस अशी खूण करतायत."

मी फोन तसाच टाकून दारात आले. सासूबाईंची मान एका बाजूला कलत चालली होती. आता त्यांना घेरी येणार आणि त्या कुत्र्याच्या अंगावरच पडणार, हे मला दिसत होतं.

"वेलची," मी म्हणाले.

काही नाही. घरघर तशीच.

"वेलची!"

त्याने डोळा माझ्याकडे फिरवला, दात तसेच. मग मला सुचलं की वेलची हा पुतण्याच्या बायकोचा शब्द. म्हाताऱ्याने नुसती वस्तू दाखवली होती, नाव तिने घेतलं. माझ्या माहेरी तिला वेलदोडा म्हणायचे. काका काय म्हणत असतील? आणि वेलदोडा म्हणजे काही भलतंच निघालं तर? फोनकडे परत जायला वेळ नव्हता.

"वेलदोडा."

तो खाली उतरला. माझ्याजवळ येऊन बसला, जीभ बाहेर काढून, शाबासकीची वाट बघत. मला त्याला हात लावायचा धीर झाला नाही.

सासूबाई उठल्या, भिंत धरत आत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. पुष्कळ वेळाने कडी निघाली. डोळे लाल होते. "मसाला यंदा विकतचा आण," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळच्या आत त्यांना रिक्षाने घरी पोचवलं.

त्याच आठवड्यात मी आणि हे काकांकडे गेलो. मी मसाल्याचा डबा त्यांच्यापुढे धरला. लवंग उचलून त्यांनी बोटाने दार दाखवलं, म्हणजे फाटकावर जा. दालचिनी उचलून स्वतःकडे खुणावलं, म्हणजे ये. मग त्यांनी डाव्या हाताची बोटं दातांसारखी वळवून उजव्या मनगटात रोवली आणि डबा दूर ढकलला.

"चावायचा शब्द?" ह्यांनी विचारलं.

मान होकाराने हलली.

"तो यात नाही?"

नाही. मी भाज्यांची नावं घेतली, भांड्यांची, कपड्यांची. ते नकाराची मान हलवत राहिले, मग तोंड वेडंवाकडं करून रडायला लागले. पुतण्याच्या बायकोने आम्हाला थांबवलं. पुढे आणखी दोनदा गेलो, काही निघालं नाही. त्या वर्षी काका वारले आणि तो शब्द एकट्या कुत्र्याकडे राहिला.

"देऊन टाकू या," हे म्हणायचे. कोणाला देणार? ज्या घरी द्यायचा त्यांना हे सांगितलं तर ते घेणार नाहीत, आणि न सांगता देववत नव्हतं. तो आमच्याकडेच राहिला. पाहुणे आले की त्याला मागच्या दाराशी साखळी घालायची. तरी कोणी गप्पा मारू लागलं की मी प्रत्येक नाम ऐकत बसायची आणि कान साखळीकडे असायचा. घरात आम्ही कमी बोलायला लागलो. शेजारच्यांना वाटायचं आमचं भांडण झालंय.

अखेर म्हातारपणी त्याला ऐकू येईनासं झालं. मी मागे उभी राहून दालचिनी म्हटलं, लवंग म्हटलं, टाळ्या वाजवल्या. तो उन्हात पडून राहिला. त्या संध्याकाळी मी बहिणीला फोन केला आणि तासभर बोलत होते. काय बोलले ते आता आठवत नाही.